दारातलं कुत्रं आणि घरातलं लेकरू



राजगृहातला १९३४ सालचा एक फोटो आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई, पुतणे मुकुंदराव, आणि या सगळ्यांसोबत टॉबी नावाचा त्यांचा लाडका कुत्रा. हा फोटो आपण कितीदा तरी पाहतो, पण टॉबीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. परवा विहारातल्या मुलांच्या वर्गात तो दाखवला. मोठी माणसं रमाईंच्या कष्टांविषयी बोलली, राजगृहातल्या ग्रंथांविषयी बोलली. मुलांचा पहिला प्रश्न मात्र असा आला, "सर, बाबासाहेबांचं कुत्रं चावत होतं का?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंगल्यातल्या मुलाला कुत्र्याचा पट्टा, कुत्र्याचा डॉक्टर, कुत्र्याचं लसीचं कार्ड हे सगळं ठाऊक असतं. आपल्या वस्तीतल्या लेकराला कुत्र्याचं नाव ठाऊक असतं, तेवढंच. ते दिवसभर त्याच्याशी खेळतं आणि एखाद्या दिवशी तेच कुत्रं त्याला चावतं.

याच सुमारास उदगीरकडच्या एका भगिनीने विचारलं, "भाऊ, माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. दारात कुत्रं आहे, दोन शेळ्या आहेत. सासूबाई म्हणतात राहू दे. जाऊबाई म्हणतात, जनावराच्या केसानं दमा होतो, काढून टाका. बाळाला खोकला आहे. कुणाचं ऐकू?" सासू आणि जाऊ यांच्या मध्ये पडण्याची हिंमत माझ्यात नाही. शिवाय मी कारकून माणूस, डॉक्टर नव्हे. पण रविवारी आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने नांदेड-लातूरच्या वस्त्यांतून फिरणं होतं, डॉक्टर मंडळींना खोदून खोदून विचारण्याची सवय आहे. त्या आधारावर चार गोष्टी मांडतो.

आपला मुलूख जनावरांचा आहे. कंधारच्या नावाने लाल कंधारी गुरं ओळखली जातात, देवणीच्या नावाने देवणी. उस्मानाबादी शेळी ही तर भूमिहीनाची बँकच, अडलं-नडलं की एक पाट विकायची. चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे. लांब पाय, बारीक कंबर, धावायला लागलं की डोळा ठरत नाही. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडे, गाढवं, उंट, कुत्री सगळ्यांचा बाजार भरतो. ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती त्यांच्या दारातही चार कोंबड्या, एखादी शेळी आणि एक कुत्रं असायचंच. आता शिकून शहरात आलेली आपली काही मंडळी म्हणतात की जनावर पाळणं म्हणजे खेडवळपणा, किंवा मग श्रीमंतांचे चोचले. मला हे पटत नाही. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्या बापजाद्यांना ओंजळ भरायची बंदी होती. १९२७ साली बाबासाहेबांनी तिथे लढा दिला तो माणसाच्या हक्कासाठी. जनावरांशी त्यांचं काही भांडण नव्हतं.

आता जाऊबाईंच्या दम्याकडे येऊ. जनावरांत वाढलेल्या मुलांविषयी पाश्चात्त्य देशांत बराच अभ्यास झालेला आहे, आणि त्याचा कल सासूबाईंच्या बाजूने आहे.

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने १७ हजारांवर मुलांची माहिती तपासली. घरात थोरली भावंडं जितकी जास्त, तितका सततच्या शिंका आणि वाहत्या नाकाचा त्रास कमी, असं त्यांना दिसलं. लहानपणी जंतूंशी थोडी ओळख झालेली बरी, हा विचार तिथून पुढे आला. २०१२ साली फिनलंडमध्ये सुमारे चारशे बाळांवर वर्षभर लक्ष ठेवलं. ज्या घरात कुत्रं होतं तिथल्या बाळांना सर्दी-खोकला आणि कानाचं दुखणं कमी झालं, जंतुनाशक औषधंही कमी लागली. २०१५ साली स्वीडनमध्ये लाखो मुलांच्या सरकारी नोंदी पाहण्यात आल्या. तिथे प्रत्येक मुलाच्या दवाखान्याची नोंद आणि प्रत्येक कुत्र्याची मालकासह नोंद सरकारदरबारी असते. दोन्ही रजिस्टरं जुळवली. जन्माच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रं असेल तर शाळेत जायच्या वयात दम्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळलं. शेतावर गुराढोरांत वाढलेल्या मुलांत तर जवळपास निम्मंच. खरं सांगायचं तर मला त्या निष्कर्षापेक्षा त्या रजिस्टरांचंच जास्त कौतुक वाटलं. आमच्या कचेरीत दोन टेबलांवरच्या नोंदी जुळत नाहीत.

सगळ्यांत बोलका अभ्यास २०१६ चा. अमेरिकेत आमिश आणि हटराइट नावाचे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचेही पूर्वज युरोपातून आलेले, राहणी साधी, खाणंपिणं सारखं. फरक एवढाच की आमिश लोक अजून घोड्यांनी नांगरतात, गोठा घराला लागून असतो, लेकरं गोठ्यात बागडतात. हटराइटांनी यंत्रं आणली आणि गोठे वस्तीपासून लांब नेले. दम्याची मुलं आमिशांत शंभरामागे ५ निघाली, हटराइटांत २१. मग संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ गोळा करून तपासली. गोठ्याजवळच्या घरातली धूळ जंतूंच्या अंशांनी जास्त समृद्ध होती. लहान बाळाच्या शरीराला कशावर तुटून पडायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं हे शिकावं लागतं, आणि अशी धूळ ते शिकवते, असं यातून दिसतं. आपल्या आज्या बाळाला ओसरीवर धुळीत सोडून कामाला लागायच्या. त्या अगदीच अडाणी नव्हत्या म्हणायच्या.

अर्थात हे समूहाचे आकडे झाले. एखाद्या मुलाला मांजर जवळ आलं की शिंका येत असतील, छातीत घरघर होत असेल, तर त्याला गोठ्याची धूळ हुंगायला लावू नये. डॉक्टरांना दाखवावं आणि जनावर निदान झोपायच्या जागेपासून दूर ठेवावं. त्या भगिनीला मी उलट विचारलं, चूल कुठे आहे? उत्तर आलं, बाळाचा झोका आहे त्याच खोलीत. गॅस आहे, पण सिलिंडर संपलं की महिना-महिना चूलच. वर रात्री डासांसाठी कॉइल. मी म्हणालो, ताई, कुत्र्याच्या आधी धूर बाहेर काढा आणि खोकला अंगावर काढू नका, बाळाला दवाखान्यात न्या.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण स्वीडनमधल्या कुत्र्यांत रेबीज नाही, आपल्याकडच्या कुत्र्यांत आहे. हा फरक विसरून परदेशी अभ्यास आपल्या गल्लीत लावता येत नाही.

काही वर्षांपूर्वी लातूर जिल्ह्यातल्या एका गावी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या पुण्यानुमोदनाला गेलो होतो. हुशार मुलगी, वर्गात पहिली यायची. तिने पुलाच्या पाइपाखालून एक पिलू उचलून आणलं होतं. महिना-दीड महिन्याचं असेल. दप्तरात लपवून भाकरी न्यायची त्याच्यासाठी. खेळता खेळता पिलाने तिच्या मनगटाला दात लावले. रक्त फार आलं नाही. पाच-सहा दिवसांनी पिलू मेलं, ती खूप रडली, घरच्यांनी समजूत काढली, विषय संपला. जवळपास तीन महिन्यांनी तिचा हात झिणझिणायला लागला, ताप आला, मग पाण्याचा पेला पुढे केला की ती किंचाळायला लागली. तेव्हा घरच्यांना कळलं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की कोणत्याही दवाखान्यात, कितीही पैसा ओतला तरी इलाज जवळजवळ नाहीच.

चावल्याचं तिने घरी सांगितलंच नव्हतं. फक्त एका मैत्रिणीला सांगितलं होतं. त्या मैत्रिणीने नंतर जे सांगितलं ते तिचे वडील आम्हाला सांगत होते, आणि सांगताना त्यांचा आवाज फुटत नव्हता. ती म्हणाली होती, "पप्पाला कळलं तर ते पिलाला पोत्यात घालून लांब सोडून येतील."

पोरगी माराला घाबरली नव्हती. तिला पिलू गमवायचं नव्हतं.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२२-२३ मधल्या देशव्यापी पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना जनावरं चावतात आणि रेबीजने सुमारे ५,७०० माणसं दगावतात. चावलेल्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा लसीचं एकही इंजेक्शन घेत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांत १५ वर्षांखालची मुलं सुमारे ४० टक्के असतात. मुलं बुटकी असतात, त्यामुळे चावा तोंडावर, मानेवर बसतो आणि तिथून मेंदू जवळ. शिवाय मुलं सांगत नाहीत. या शेवटच्या कारणावर कोणत्याही सरकारी योजनेत औषध नाही, ते घरातच करावं लागेल.

मुलं तीन भीतींपोटी गप्प बसतात. पहिली, बाप मारील. दुसरी, पिलाला सोडून येतील. तिसरी भीती तर मोठ्यांनाही आहे: पोटात चौदा इंजेक्शनं. ही भीती खोटी नव्हती. मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली जुनी लस आपल्याकडे अनेक दशकं चालली, ती पोटात टोचत आणि भयंकर दुखे. पण २००४ नंतर भारतात ती लस बनवणं बंद झालं. आज दंडात साधं इंजेक्शन देतात. जे मूल गोवर-धनुर्वाताची सुई सोसतं ते हीही सोसतं. तरीही गेल्या वर्षी एका माउलीने मला पोटाला हात लावून विचारलं, "इथंच टोचतात ना?" वीस वर्षं झाली ती लस जाऊन, पण भीती अजून वस्तीतच राहते.

आणि या भीतीवरच उतारा देणाऱ्यांचं दुकान चालतं. कुणी मंतरलेला गूळ देतो, कुणी जखमेत मिरची भरतो, कुणी चुना, कुणी तंबाखू. दुःख याचं वाटतं की बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतूनही लोक तिथे जातात. नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला पाश्चरने १८८५ साली लस टोचून वाचवलं. त्याला आता सव्वाशेच्या वर वर्षं लोटली आणि आपण अजून गुळावर!

चावलं, ओरखडलं, किंवा उघड्या जखमेला चाटलं, तरी आधी नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात एका वस्तीत पंधरा मिनिटं जखम धुवा असं सांगताना माझी जीभ अडखळत होती, कारण हंड्यांची रांग समोरच होती. एक म्हातारी म्हणाली, "लेकरासाठी एक हंडा गेला तर जाऊ दे की." तिथे विषय संपला. धुतल्यावर त्याच दिवशी सरकारी दवाखाना. प्राथमिक आरोग्य केंद्र असो, ग्रामीण रुग्णालय असो की नांदेड-लातूरचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, ही लस सरकारी दवाखान्यात मोफत द्यायची असते. तिथे नसली तर कुठे मिळेल ते लिहून मागा, पण हात हलवत परत येऊ नका. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तोंडावर असेल, तर लसीबरोबर जखमेत भरायचं वेगळं इंजेक्शनही लागतं. ते आपण होऊन विचारायचं. आणि "पिलू तर होतं, दुधाचे दात होते" असं मनाशी म्हणायचं नाही. लहान पिलाला तीन महिन्यांपर्यंत सहसा लसच दिलेली नसते, म्हणून धोका उलट तिथेच असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. चावलेलं कुत्रं मारू नका, हाकलू नका, पोत्यात घालून सोडून येऊ नका. लस लगेच सुरू करून ते कुत्रं दहा दिवस नजरेसमोर राहणं डॉक्टरांना हवं असतं. दहा दिवसांनी ते धडधाकट असेल तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे कळतं, आणि पुढची इंजेक्शनं घ्यायची की नाही ते डॉक्टर ठरवू शकतात. कुत्रं नाहीसं केलं की हा पुरावाच गेला. त्या पोरीला पिलू घरात राहावं असं वाटत होतं आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. म्हणून आज रात्री जेवताना आपल्या लेकराला एवढं सांगा: चावलं किंवा ओरखडलं तर लगेच सांग, तुला कुणी रागावणार नाही आणि पिलालाही कुणी सोडून येणार नाही. शब्द दिला की पाळायचा. एकदा मोडला की पुढच्या वेळी मूल बोलणार नाही.

बाकीचं थोडक्यात. पिलांच्या विष्ठेतून जंताची अंडी मातीत जातात आणि मातीतून लेकराच्या तोंडात; क्वचित ते जंत डोळ्यापर्यंतही पोहोचतात. पिलाला जंताचं औषध, मुलाला जेवणाआधी साबणाने हात धुण्याची सवय, आणि २०१५ पासून जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत जी गोळी देतात ती चुकवू नये. शेळीचं धारोष्ण दूध अंगी लागतं म्हणून लेकराला कच्चं पाजणाऱ्या आज्या अजून आहेत. दूध उकळूनच द्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, त्यात ताप येतो-जातो, सांधे धरतात, आणि महिनोन्‌महिने निदान होत नाही. शेळी व्यायली की वार काढताना मुलांना जवळ येऊ देऊ नये. मी पाहिलंय, तेव्हाच ती सगळ्यात पुढे असतात.

कुत्र्याला तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा, सहसा दरवर्षी. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. उदगीरच्या आसपासच्या लोकांना तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच शेजारी आहे. पाळीव कुत्र्याचं ठीक, पण गल्लीच्या कुत्र्याचं कोण करणार? २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही नगरपालिका-महानगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानकं अशा ठिकाणांवरून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला होता. हे काम होऊ शकत नाही असं कुणी म्हणू नये. गोव्यात २०१४ पासून घरोघर आणि गल्लोगल्ली फिरून कुत्र्यांना लस टोचली, आणि २०१८ नंतर तिथे माणसाचा रेबीजने मृत्यू झाला नाही म्हणून २०२१ साली सरकारने ते जाहीरही केलं. आपल्या नगरसेवकाला रस्त्याच्या कमानीसाठी आपण दहा वेळा भेटतो, कुत्र्यांच्या लसीसाठी एकदा तरी भेटलो आहोत का?

नांदेडच्या एका वस्तीत पोरांनी दोनशे पानी वहीत गल्लीतल्या कुत्र्यांचं रजिस्टर केलं आहे. रकाने मी आखून दिले: नाव, रंग, नर की मादी, कुणाच्या दारात खातं, लस कधी. एकवीस कुत्री भरली. लसीचा रकाना एकोणीस जणांचा कोरा होता. ती वही घेऊनच पोरं आणि दोन पालक अर्ज द्यायला गेले. अर्जाची पोच घेतली आहे, पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नसतो हे त्यांना मी आधी शिकवलं. अजून गाडी आलेली नाही, दुसरा अर्ज तयार आहे.

त्याच वस्तीतल्या सातवीतल्या एका मुलाला मागच्या महिन्यात रजिस्टरमधलं अकरा नंबरचं कुत्रं चावलं. तो धावत घरी आला आणि आईला सांगून टाकलं. आईने जखम धुतली, दवाखान्यात नेलं. कुत्रं गल्लीतच आहे, दहा दिवस पोरांनी पाळीपाळीने पाहिलं. डॉक्टरांनी तरीही लस पूर्ण करायला सांगितली. तारखा मोजताना घोळ होतो म्हणून इथे लिहितो: पहिलं इंजेक्शन घेतलं तो दिवस शून्य धरायचा. कातडीतली लस असेल तर त्यापुढे तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस. दंडाच्या स्नायूत देत असतील तर चौदावाही. त्या मुलाचा अठ्ठाविसावा दिवस येत्या रविवारी येतो. बाह्यरुग्ण विभाग बंद असेल, म्हणून अपघात विभागात जायचं असं आधीच विचारून ठेवलं आहे. कार्ड आईच्या पदराला नाही, दाराच्या मागच्या खिळ्याला लावलं आहे.